एमएस्सी करा, पण पॉलिसीसाठी सोनं गहाण ठेवू नका

प्रश्न: मी 32 वर्षांची, रावेर तालुक्यातली. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, मग पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग. जळगावच्या खासगी हॉस्पिटलात आयसीयूला आहे, पगार हातात 24 हजार. मिस्टरांची तीन एकर केळी आहे, मुलगी सहा वर्षांची. नर्सिंग कॉलेजात शिकवायची इच्छा आहे, म्हणून नोकरी सोडून नाशिकला दोन वर्षांचं एमएस्सी नर्सिंग करायचं ठरवलंय. एक एजंट नोकरी चालू ठेवून, हजेरीशिवाय पदवी मिळवून देतो म्हणाला. त्याला नाही म्हटलं. फी आणि राहणं मिळून 2 लाख 80 हजार खर्च आहे, त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढेन. मुलीच्या पॉलिसीचे वर्षाचे 60 हजार चुकू नयेत म्हणून त्या दोन वर्षांचे हप्ते सोनेतारण कर्जातून भरू. नंतर 50 हजार पगार मिळतो म्हणतात. शैक्षणिक कर्ज सरकारी बँकेचं घ्यावं की पतपेढीचं?

उत्तर: ताई, सरकारी बँकेचं घ्या. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, पदरचा हिस्सा घालावा लागत नाही, आणि अभ्यासक्रम संपून वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. एजंटाला नाही म्हणालात ते बरंच केलंत. तुमच्या प्रश्नापुरतं एवढं पुरे.

आता पॉलिसी. तुम्ही पत्रासोबत तिच्या कागदांचे फोटो पाठवलेत आणि सहज लिहिलंत की जावेच्या भावाने आखाजीला (अक्षय तृतीयेला) घरी येऊन ती करून दिली. बारा वर्षं 60 हजार, म्हणजे 7 लाख 20 हजार भरायचे. विसाव्या वर्षी 14 लाख मिळणार. दुप्पट झाल्यासारखे वाटतात ना? वीस वर्षांच्या हिशेबात ते वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतात. त्यातही निम्मे पैसे बोनसचे, जो अजून कोणी जाहीर केलेला नाही. आणि हे साडेचार टक्के मिळवायला तुम्ही अंगावरचं सोनं ठेवून दहा-अकरा टक्क्यांचं कर्ज काढणार! शिक्षणाला 2 लाख 80 हजार आणि पॉलिसीला 1 लाख 20 हजार. म्हणजे दर दहा रुपये कर्जातले तीन रुपये शिक्षणासाठी नाहीतच.

याहून वाईट गोष्ट कागदाच्या पहिल्याच पानावर आहे. विमा मुलीच्या आयुष्याचा आहे. सहा वर्षांची पोर काय कमावते? घरात ठरलेला पगार आणणाऱ्या तुम्ही, आणि तुमच्या नावावर एका रुपयाचा विमा नाही. मिस्टरांच्या उत्पन्नाचं मी तुम्हाला सांगायला नको: मे-जूनमधलं एक वादळ, नाहीतर बऱ्हाणपूरच्या केळी बाजारातला पडलेला भाव, आणि वर्ष गेलं. केळीचा फळपीक विमा भरता, मग कमावत्या बाईचा का नाही उतरवला? कारण टर्म विम्यात, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या स्वस्त विम्यात, जावेच्या भावाला फारसं कमिशन सुटत नाही.

तीन हप्ते, म्हणजे 1 लाख 80 हजार भरून झालेत. तुमच्या कागदावरच्या तक्त्याप्रमाणे आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर साधारण 65 हजार हातात येतील. 1 लाख 15 हजार गेले. कळतंय, जिवाला लागतं. पण पॉलिसी पेडअप करून, म्हणजे पुढचे हप्ते बंद करून, तशीच ठेवली तर विम्याची रक्कम एक चतुर्थांश होते, म्हणजे सतरा वर्षांनी 1 लाख 80 हजार आणि वर आजवरचा थोडाफार बोनस. तेच 65 हजार सात टक्क्यांनी सतरा वर्षांत दोन लाखांच्या घरात जातात. फरक फार नाही, पण सरेंडरचे पैसे आत्ता, गरजेच्या वेळी मिळतात. मी सरेंडर करेन. तक्त्यात चौथ्या वर्षी परत मिळण्याचा टक्का चढतो, म्हणून अर्ज येत्या आखाजीआधी करायचा की नंतर, हे कंपनीकडून लेखी घ्या. जावेच्या भावाकडून नको.

मुलीसाठी पोस्टात सुकन्या समृद्धी खातं उघडा. ती दहा वर्षांच्या आत आहे, व्याज सध्या 8.2 टक्के, आणि वर्षाला 250 रुपये भरले तरी खातं चालू राहतं. बिनपगारी दोन वर्षांत दर वर्षी 250 भरा, पुढे जमेल तसं वाढवा. साठ हजारांची ती पॉलिसी तुम्हाला अशी ढील देणार नाही.

टर्म विमा राजीनाम्याच्या आधी घ्या. विमा कंपनी उत्पन्न बघून संरक्षण देते. नोकरी सोडल्यावर 50 लाखांचा विमा मागायला गेलात तर पगारपत्रक मागतील. तुमच्या वयाला तो वर्षाला सहा-आठ हजारांत बसावा. मिस्टरांचाही बघा.

राहिला 50 हजारांचा पगार. कोण म्हणतं? पत्रात नाव नाही, कॉलेज नाही. दोन वर्षांचा बुडालेला पगार पावणेसहा लाख, वर खर्च 2 लाख 80 हजार. म्हणजे एमएस्सी तुम्हाला साडेआठ लाखांना पडते, कर्जाचं व्याज वेगळंच. पगार दहा हजारांनी वाढला तर ही रक्कम सात वर्षांत वसूल. पाचच हजारांनी वाढला तर चौदा. तरीही पुढे बरीच नोकरी उरते, म्हणून मी नको म्हणत नाही. फक्त 50 हजार गृहीत धरून घरबांधणीचं कर्ज वगैरे काढू नका.

एक गोष्ट तुमच्या सोबतच्या बायकांनी सांगितली नसेल. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत ट्यूटर (शिकवण्याची सुरुवातीची पायरी) पदाला एमएस्सीला प्राधान्य असलं तरी पोस्ट बेसिक बीएस्सी आणि वर्षभराचा अनुभव चालतो. म्हणजे पात्रता आजही तुमच्याकडे आहे. एमएस्सी लागते ती पुढे, सहायक प्राध्यापक व्हायला, आणि तिथे तीन वर्षांचा शिकवण्याचा अनुभवही मागतात. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या तीन-चार कॉलेजांत अर्ज टाका, मुलाखतीला जा, ट्यूटरला काय देतात आणि एमएस्सीवाल्याला काय देतात ते तोंडावर विचारा. जमलं तर वर्षभर शिकवूनही बघा. आयसीयूत हात चांगला म्हणजे वर्गात जीभ चालेलच असं नाही.

नाशिकला जायचंच ठरलं तर प्रवेश सीईटी देऊन केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्या. आठ लाखांखालच्या उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ करण्याचा राज्य सरकारचा 2024 चा निर्णय आहे, पण मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर तो विसरा. तुमच्या अभ्यासक्रमाला तो लागू होतो का, ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा. झाली माफ, तर कर्ज राहण्या-खाण्यापुरतंच उरेल. आणि पोस्ट बेसिकची गुणपत्रिका काढून बघा: एमएस्सीला एकूण 55 टक्के लागतात, आणि तुमचे किती आहेत ते पत्रात कुठेच नाही.