हातमोजे घातलेल्या भेळवाल्याकडचं खाणं सुरक्षित असतं का?

नुसत्या हातमोज्यांवर जाऊ नका. त्याच मोज्याने तो सुट्टे पैसे घेत असेल, ओल्या फडक्याने गाडी पुसत असेल आणि मग तुमच्या भेळेवर कोथिंबीर भुरभुरत असेल, तर मोजा घालून काहीच साधलं नाही. उलट मोज्यात हाताला चिकटपणा जाणवत नाही, म्हणून धुणंच राहून जातं. साबणाने २० सेकंद चोळून धुतलेला हात आणि पैशांना वेगळा माणूस, हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

भेळ, पाणीपुरी, सँडविच, कापलेली फळं यांची खरी अडचण ही की ती तयार झाल्यावर पुन्हा आचेवर जात नाहीत. वडा कढईतून निघतो तेव्हा बहुतेक जंतू मेलेले असतात. चटणीत मात्र हाताचं जे जाईल ते थेट पोटात. टायफॉइड, हिपॅटायटिस ए (एक प्रकारची कावीळ), उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस असेच पसरतात. त्यातही टायफॉइडचे जंतू बाळगणारा माणूस वरून अगदी ठणठणीत दिसू शकतो.

हाताला पिकलेली जखम असेल तर स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू अन्नात उतरतो, आणि त्याचं विष एकदा तयार झालं की गरम करूनही जात नाही. म्हणून कुस्करलेला बटाटा दुपारभर उघड्यावर पडलेला दिसला, तर मी तरी तिथे खात नाही.

अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत नखं कापलेली असणं, काम सुरू करण्याआधी हात धुणं हे स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे गाडीवर हात धुवायला पाणी-साबण कुठे आहे, हे बिनधास्त विचारा.