विंडोज सुरू होतानाच सर्व्हिसची, म्हणजे मागे गुपचूप चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामची, एरर येते?
लगेच फॉरमॅट मारू नकोस, आणि मशीन उचलून पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीतही धावू नकोस. विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा 'इव्हेंट व्ह्यूअर' उघड; विंडोज लॉग्जच्या सिस्टीममध्ये 'सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर'च्या नावावरची लाल नोंद शोध. तिचा इव्हेंट आयडी 7001 असेल तर ती सर्व्हिस ज्या दुसरीवर अवलंबून आहे तीच पडलीय. आधी तिला बघ. 7009 म्हणजे ठरल्या वेळात, एरवी 30000 मिलिसेकंदांत, तिने उत्तर दिलं नाही. रडतखडत चालणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कवर हे व्हायचंच. विंडोजच्या 'सर्व्हिसेस' खिडकीत जाऊन तिचा स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट' कर. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. कधीच काढून टाकलेल्या प्रिंटरची सर्व्हिस मागे राहिली असेल तर खुशाल डिसेबल कर. नाव ओळखीचं नसेल तर मात्र आधी कुणा जाणकाराला विचारून घे, आणि 'रिमोट प्रोसिजर कॉल' नावाच्या सर्व्हिसला तर हातही लावू नकोस, निम्मं विंडोज तिच्यावर उभं आहे.