बँड डेड आहे म्हणण्याआधी एकदा हे वाच

तुझा मेसेज वाचला. हॅम रेडिओचं लायसन्स नुकतंच हातात आलंय, तीन दिवस १० मीटर बँडवर (२८ मेगाहर्ट्झच्या आसपास) बसलीस, वॉटरफॉल, म्हणजे सिग्नल दाखवणारा पडदा, नुसता निळा, कोणी म्हणजे कोणी नाही, आणि आता वाटतंय की आपण चुकीच्या वेळी या छंदात आलो. वेळेचं म्हणशील तर थोडं खरंय. सूर्य जितका सक्रिय तितके वरच्या फ्रिक्वेन्सीचे बँड चांगले चालतात. सध्याचं पंचविसावं सूर्यचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, त्याचा कळस २०२४ च्या ऑक्टोबरच्या आसपास होऊन गेला, आता काही वर्षं उतार, वरचे बँड हळूहळू शांत होत जाणार. पण बँड बंद आहे की बँडवर कोणी बोलतच नाहीये हे तू तपासलंस का?

उद्या सकाळी रेडिओ २८.२०० मेगाहर्ट्झला लाव, सीडब्ल्यू म्हणजे मोर्सचा मोड, आणि तीन मिनिटं कशालाही हात न लावता ऐक. जगभरात १८ बीकनची, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप सिग्नल सोडणाऱ्या स्टेशनांची, साखळी आहे, प्रत्येकाला १० सेकंद, एकामागून एक, तीन मिनिटांत फेरी पूर्ण होऊन परत पहिला. सगळेच कायम चालू असतात असं नाही, पण बरेच असतात. आधी मोर्समध्ये कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं ओळखनाव, येतो, मग एकेक सेकंदाचे चार सूर, पहिला १०० वॅटचा, दुसरा १० चा, तिसरा १ वॅटचा आणि चौथा एक दशांश वॅटचा. हीच फेरी १४.१००, १८.११०, २१.१५० आणि २४.९३० वरही मिळते. एकदा मी असाच रिकाम्या बँडकडे बघत बसलो होतो आणि एका बीकनचा तिसरा सूर स्वच्छ ऐकू आला, चौथासुद्धा असल्याचा भास झाला. एका वॅटला रस्ता मोकळा होता! मग तिथूनच थोडं वर सरकून सीक्यू, म्हणजे 'कोणी आहे का' अशी हाक, द्यायला लागलो, बऱ्याच वेळाने उत्तर आलं, तो पलीकडचा पण म्हणाला की बँड बंद समजून मी रेडिओ बंदच करत होतो. त्या दिवसापासून आधी हाक मारल्याशिवाय बँडला डेड म्हणत नाही.

आकडे बघ, बघू नको असं नाही. एसएफआय (सूर्य किती सक्रिय आहे त्याचा आकडा) चढा आणि के (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या गडबडीचा आकडा) उतरलेला असला की वरचे बँड बरे चालतात, के ५ ला गेला की भूचुंबकीय वादळ समज. मे २०२४ मध्ये तो ९ ला गेला होता आणि एचएफची, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या सगळ्या बँडची, पार वाट लागली होती. पण नुसते आकडे वाचून रेडिओ न लावणारे खूप आहेत, तू त्यांच्यात जाऊ नको.

आणि आधी घरातला आवाज, म्हणजे विजेच्या उपकरणांचा रेडिओत येणारा नॉइज, मोज. रेडिओ बॅटरीवर घे, मेन स्विच पाड, मीटरकडे बघ. माझ्याकडे मीटरवरचा एस ७ चा नॉइज एस २ वर आला होता, पाच एस युनिट म्हणजे ३० डेसिबल, आणि कारण निघालं टेबलाखालचा एक छोटासा अ‍ॅडाप्टर. त्याच्याखाली किती स्टेशनं गाडली गेली असतील देव जाणे. एलईडी, चार्जर, सोलर इन्व्हर्टर, हे सगळं मिळून बँड खातंय आणि त्यासाठी कुठला कायदा बदलावा लागत नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

हे सगळं एवढं का सांगतोय, तर स्पेक्ट्रमच्या बैठकीत, म्हणजे कोणाला कुठल्या फ्रिक्वेन्सी द्यायच्या ते ठरवताना, पहिला प्रश्न हाच असतो, इथे वापर किती? १९१२ मध्ये अमेरिकेत हौशी लोकांना २०० मीटर तरंगलांबीच्या खाली ढकललं, कारण तिथलं काही कामाचं नाही असं तेव्हा धरलं जायचं. नोव्हेंबर १९२३ मध्ये हौशी लोकांनीच साधारण ११० मीटरवर अटलांटिकपार दुतर्फा बोलून दाखवलं, आणि मग सगळ्यांनाच शॉर्टवेव्ह हवी झाली. १९२५ ला पॅरिसमध्ये आयएआरयू ही हौशी रेडिओवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली ती अशा काळात. तेव्हापासून एकेक तुकडा भांडून मिळालाय. ७.१ ते ७.२ मेगाहर्ट्झमधून ब्रॉडकास्टवाल्यांना हलवायचं २००३ ला ठरलं आणि अमलात आलं २००९ ला. ६० मीटरवर २०१५ ला जेमतेम १५ किलोहर्ट्झ मिळाले, तेही १५ वॅट ईआयआरपीची (अँटेनाचा फायदा धरून मोजलेल्या पॉवरची) मर्यादा घालून. २०१९ मध्ये फ्रान्सने तर आपला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा बँड विमानसेवेसाठी अभ्यासायचा प्रस्ताव आणला होता, जोरदार विरोध झाला आणि काही महिन्यांत तो मागे पडला.

सगळ्याच बाबतीत आपलं बरोबर असतं असं मात्र मी म्हणणार नाही. १२४० ते १३०० मेगाहर्ट्झवर आपण दुय्यम आहोत, म्हणजे तिथे पहिला हक्क इतरांचा, सॅटेलाइट नेव्हिगेशनच्या रिसीव्हरला आपला त्रास व्हायला नको, त्यामुळे २०२३ च्या दुबईच्या परिषदेत पॉवर आणि फ्रिक्वेन्सीबद्दल जी शिफारस मान्य झाली ती मला रास्त वाटते. काहींना माझं हे पटत नाही.

म्हणून कधी हरकती-सूचना मागवल्या की तू लिही. "आम्हाला हा बँड आवडतो" एवढ्याने काही होत नाही, तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कोणाशी काय बोललो, नॉइज किती, असं लिही, आणि ते त्या वेळी आठवून लिहिता येत नाही, लॉग असावा लागतो. ऐकू न आलेलं पण नोंदव. वही असो की सॉफ्टवेअर, चालेल, फक्त वेळ यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, टाक.

तर उद्या २८.२०० वर कुठला बीकन आला आणि कितव्या सुरापर्यंत आला ते कळव. मी पण त्याच वेळी ऐकत बसतो, मग दोघांचे आकडे लावून बघू.

७३ (म्हणजे आमच्या भाषेत शुभेच्छा)