नवा अभ्यासक्रम आल्यावर शाळा व्यवस्थापन समितीने सह्यांपलीकडे काय करावं?

तुम्ही विचारलंय: "जिल्हा परिषदेच्या शाळेत समितीचा अध्यक्ष झालोय. नवीन अभ्यासक्रम, अध्ययन निष्पत्ती, निपुण हे शब्द बैठकीत सारखे येतात. मी शेती करतो, शिक्षण बारावी. यात समितीने सह्या करण्यापलीकडे काय करायचं?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवलं. शेवटची ८ वर्षं मुख्याध्यापिका होते, म्हणजे समितीची सदस्य सचिवही. त्या काळात चार समित्यांबरोबर काम केलं. वरून आलेली नवीन गोष्ट वर्गात रुजते की फायलीत पडून राहते, हे बऱ्याच वेळा समितीवर ठरताना मी पाहिलं आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

मुलांना काय शिकवायचं हे तुमची समिती ठरवत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ प्रमाणे ते काम राज्याच्या शैक्षणिक प्राधिकरणाचं. आपल्याकडे ते पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद करते आणि पुस्तकं बालभारती काढते. कलम २१ ने समितीकडे शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि अनुदानाचा खर्च पाहणं ही कामं दिली आहेत. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात, हेही त्याच कलमात आहे. 'लक्ष ठेवणं' म्हटलं की बऱ्याच समित्या हजेरीपट आणि पोषण आहाराचा तांदूळ बघतात. ते बघायलाच हवं. पण अभ्यासक्रम बदलला की मुलाची प्रगती मोजायची पट्टीच बदलते, आणि गावाच्या हातात मात्र जुनीच पट्टी असते. वही भरली का, धडे किती झाले, टक्के किती पडले. शिक्षक नव्या पद्धतीने शिकवायला लागले की याच जुन्या पट्टीने गाव त्यांना मोजतं, आणि दोन महिन्यांत शिक्षक गुपचूप जुन्यावर येतात. गावाच्या हातातली ही पट्टी बदलणं, माझ्या मते, समितीचं सगळ्यात मोठं काम आहे. ते शिक्षकाला एकट्याने जमत नाही.

एक प्रसंग सांगते. बैठकीत दुसरीच्या एका मुलीला वाचायला उभं केलं होतं. तिने धडा घडाघडा वाचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या अध्यक्षताई तिच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं, की मुलीचं बोट तिसऱ्या ओळीवर आहे आणि तोंड पाचव्या ओळीवर पोचलंय. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. बैठक उठल्यावर पिशवीतून एक लग्नपत्रिका काढली, मुलीला जवळ घेतलं आणि विचारलं, "यात नवरीचं नाव कुठं आहे गं?" मुलगी पत्रिकेकडे नुसती बघत राहिली. धडा तिला पाठ होता, अक्षरं ओळखीची नव्हती. ताई स्वतः सातवी शिकलेल्या. पुढच्या बैठकीत त्यांनी मला विचारलं, "बाई, अशी अजून किती पोरं आहेत? आणि त्यांच्यासाठी आम्ही काय आणून देऊ?" इतक्या वर्षांत कुठल्या समितीने मला हा प्रश्न विचारला नव्हता. त्या मुलीला वर्गशिक्षिकेने रोज वीस मिनिटं अक्षरकार्डं घेऊन बसवलं. होळीच्या सुमारास ती स्टँडवरच्या दुकानांच्या पाट्या वाचून दाखवत होती.

त्या ताईंनी लग्नपत्रिकेवर जे तपासलं तीच अध्ययन निष्पत्ती. वर्षाअखेर मुलाला स्वतःच्या बळावर काय करता यायला हवं, ते सोप्या वाक्यात लिहिलेलं असतं. २०१७ मध्ये एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संस्थेने इयत्तावार, विषयवार निष्पत्ती काढल्या, तेव्हापासून त्या बालभारतीच्या पुस्तकांतही पहिल्या काही पानांवर छापून येऊ लागल्या. घरी ते पान सहसा कोणी उघडत नाही. निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट. त्यातली काही लक्ष्यं कोणत्याही पालकाला घरी तपासता येतात. पहिली संपताना चार-पाच सोप्या शब्दांची, आधी न पाहिलेली वाक्यं वाचता यावीत. संख्या पहिलीत ९९ पर्यंत, दुसरीत ९९९ पर्यंत, तिसरीत ९,९९९ पर्यंत वाचता-लिहिता याव्यात. एवढं शाळेच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. रंगाचा खर्च फार नाही, आणि ते मुलांना सोडायला आलेल्या आजोबांनाही वाचता येतं.

आता गावाला आधी न सांगितल्याने काय होतं ते सांगते, कारण ही चूक आमच्या हातून झाली. जून २०१९ मध्ये दुसरीचं गणिताचं नवीन पुस्तक आलं. त्यात 'तेवीस' बरोबर 'वीस तीन', 'सत्तावीस' बरोबर 'वीस सात' असंही संख्यावाचन दिलं होतं. राज्यभर गदारोळ झाला, विधिमंडळात चर्चा झाली, गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांच्यावर नको त्या शब्दांत टीका झाली. आमच्या शाळेतही एक वडील पुस्तक घेऊन तावातावाने आले. "माझ्या पोराला तेवीस म्हणायला लाज वाटणार का आता?" असं त्यांनी व्हरांड्यातूनच विचारलं. मी त्यांना वर्गात नेलं. दुसरीच्या मुलांना पाटीवर 'तेवीस' लिहायला सांगितलं. १७ मुलांपैकी पाच जणांनी ३२ लिहिलं, त्यांत त्यांचा मुलगाही होता. तेवीस म्हणताना तोंडात आधी 'ते' येतो, म्हणजे तीन, आणि मग वीस. कानाने ऐकलेलं मूल आधी ३ लिहितं, मग २. मग मी दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मुलांपुढे ठेवल्या आणि "वीस आणि तीन" म्हणायला लावलं. त्याच पाच मुलांनी २३ लिहिलं. वडील खाली बसले, स्वतः गठ्ठे बांधू लागले आणि म्हणाले, "हे आधी सांगायचं होतं ना, बाई." कानडीत आणि तेलुगूतही आधी वीस आणि मग तीन असंच म्हणतात, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं. पुस्तकातला तो बदल योग्य होता की नाही यावर जाणत्या माणसांत मतभेद आहेत आणि असू देत. माझं दुःख एवढंच, की पुस्तक हातात पडल्यावर, कोणी पेटून उठायच्या आत, आम्ही एक पालक सभा घ्यायला हवी होती. काड्यांचे दोन गठ्ठे आणि अर्धा तास, एवढंच लागलं असतं.

सध्या हे जास्तच लागणार आहे. राज्यात पहिलीला २०२५-२६ पासून नवीन अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढचे वर्ग टप्प्याटप्प्याने येत आहेत. म्हणजे काही वर्षं एकाच घरात धाकटा नव्या पद्धतीने शिकतोय आणि थोरली जुन्या, असं चालेल. संध्याकाळी अभ्यास घेते ती थोरलीच. म्हणून पालक सभेला मोठ्या भावंडांनाही बोलवा. हे मला फार उशिरा सुचलं.

मूल्यमापनाचं तर माझ्या मनाला लागलेलं आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना उत्तम होती: प्रत्येक मुलाकडे वर्षभर बघायचं आणि जे दिसेल ते नोंदवायचं. झालं असं, की बाजारात वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका मिळू लागल्या आणि आम्ही त्यांतल्या ओळी उतरवून काढू लागलो. ऊसतोडीला गेल्यामुळे चार महिने शाळेत नसलेल्या मुलापुढेही "आवडीने वाचन करतो" असं लिहिलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या कागदावर माझी सही आहे. तपासायला येणारे रकाने भरलेत का तेवढंच बघत, पालक सही करून कागद परत देत, आणि समितीने ते पत्रक कधी उघडलंच नाही. आता समग्र प्रगतिपत्रक येतंय. त्यात मुलाने स्वतःबद्दल, सोबत्यांनी त्याच्याबद्दल आणि पालकांनी घरी काय दिसतं त्याबद्दल सांगायचं आहे. त्यातली पालकांची जागा पालकांनीच भरली पाहिजे, हे समितीने धरून बसावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं आणि दुसऱ्या पालकाने लिहून घ्यावं. सत्रातून एकदा समितीने कोणतीही पाच पत्रकं उघडावीत, नावं झाकून, आणि शिक्षकांना प्रेमाने विचारावं: "हे मूल वाचतं असं लिहिलंय, काय वाचतं?" सूर तपासणीचा नको. शिक्षक घाबरला की पुन्हा तयार ओळी येतात.

शिक्षकांचा वेळ राखणं हे तुमच्या हातातलं दुसरं मोठं काम. नवी पद्धत शिकायला प्रशिक्षण लागतं. द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी प्रशिक्षणाला गेले की दुसरे चार वर्गांना एकटे पुरे पडत नाहीत. मग गावातच कुरकुर सुरू होते, की गुरुजी सारखे बाहेर असतात. त्या दिवसांसाठी समितीने आधीच दोन-तीन माणसं ठरवून ठेवावीत, एखादे निवृत्त शिक्षक, एखादी पदवी झालेली सून, जे मुलांना गोष्ट वाचून दाखवतील, खेळ घेतील. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर येत. मुलांना ते पत्रं लिहायला शिकवत, आणि पाचवीचं पत्रलेखन त्या वर्षी खरोखर सुधारलं. दुसरं असं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नयेत, असं कायद्याचं कलम २७ सांगतं. त्यापलीकडचं काम गळ्यात पडलं तर मुख्याध्यापक एकटे बोलू शकत नाहीत. समितीचा ठराव मात्र गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जातो आणि त्याची नोंद राहते. तारीख घालून, किती तास वर्ग बंद राहिला ते लिहून ठराव करा.

पैशांचं थोडक्यात. केंद्राच्या 'समग्र शिक्षा' योजनेतून येणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर, ठरतं. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला १०,००० आणि त्यावर १०० पर्यंत २५,००० रुपये, असं त्याचं प्रमाण आहे. त्यात वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता सगळं येतं. शिल्लक फार राहत नाही. म्हणून विकास आराखड्यात शैक्षणिक गरज आधी लिहा, उदाहरणार्थ 'पहिली-दुसरीला गोष्टींची पुस्तकं', आणि भिंतीची रंगरंगोटी नंतर. आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी व्हायचा असतो. मार्चमध्ये घाईने आठवला, की पैसे जे दुकानात मिळेल त्यावर जातात.

माता-पालक गट तुमच्याकडे असतीलच. २०२२ च्या शाळापूर्व तयारी अभियानापासून ते गावोगावी झाले. ते फोटोपुरते उरले असतील तर जागे करा. आठवड्यातून एकदा पाच-सहा आयांनी एका ओट्यावर बसून मुलांकडून धान्य मोजून घेणं, दहा-दहाचे वाटे करून घेणं, एवढं पुरतं. आईला शाळा वर्गात काय करते ते अशाने जितकं कळतं तितकं सभेतल्या भाषणाने कळत नाही.

एक गोष्ट मात्र कधी करू नका. कोणत्या मुलाला काय येत नाही, हे नाव घेऊन बैठकीत किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊ देऊ नका. एका वर्षी असं झालं आणि त्या मुलाने पंधरा दिवस शाळेत पाऊल टाकलं नाही.

आणि वरच्यांना सांगण्याचं. मे २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला होता. किती समित्यांनी तो वाचला? २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्याचा निर्णय एप्रिलमध्ये निघाला आणि जूनच्या शेवटी मागे घेतला गेला, तोवर शाळा सुरू झाल्या होत्या. त्या अडीच महिन्यांत पहिलीच्या शिक्षकांना पालकांना काय सांगावं ते कळत नव्हतं. मसुदा येईल तेव्हा तुमच्या समितीने तो केंद्रप्रमुखांकडून मागून घ्यावा, वर्गशिक्षकांना शेजारी बसवून वाचावा आणि एक पानभर लेखी मत पाठवावं. तुमच्या शाळेतल्या मुलांची घरची बोली, ऊसतोडीचे किंवा भातलावणीचे महिने, घरापासून शाळेचं अंतर, या गोष्टी पुण्यात बसून कोणाला दिसत नाहीत.

पहिल्या बैठकीला मुख्याध्यापकांकडून प्रत्येक इयत्तेच्या फक्त तीन निष्पत्ती मागा, गावाच्या भाषेत लिहून. तुम्ही शेती करता, तेव्हा त्यांतली एखादी तुमच्याच शब्दांत सांगून बघा: खताच्या गोणीवरचं वजन वाचून तीन गोण्यांचं किती झालं, हे तिसरीच्या मुलाला सांगता येतं का? तुमच्या शाळेचा पट आणि शिक्षकसंख्या कळवलीत, तर द्विशिक्षकी शाळेत हे वेळापत्रकात कसं बसवायचं तेही लिहीन.