दवाखाना स्वतःच्या पाळीत बंद

या वेळी आलेल्या पत्रांत 'सानग्वोशा'चीच गर्दी आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच: मदतनीस पात्र वाट्याला आलं की डाव हातातून जातो. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००८ साली चीनमध्ये आलेला हा पत्त्यांचा खेळ तिथल्या 'तीन राज्यां'च्या काळावर बेतलेला आहे. भूमिकांची रचना २००२च्या 'बँग!' या इटालियन खेळासारखीच. आठ जण बसले तर एक राजा, दोन निष्ठावंत, चार बंडखोर आणि एक फितूर. राजा उघड असतो, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या झाकलेल्या. निष्ठावंतांनी राजाला जगवायचं, बंडखोरांनी मारायचं. आपल्या राजा-मंत्री-चोर-शिपाईची आठवण येईल, पण तिथे एका अंदाजात निकाल लागतो, इथे तासभर घाम निघतो. भूमिकेशिवाय प्रत्येकाला एक ऐतिहासिक पात्रही मिळतं आणि त्याची खास कला असते.

प्रश्न: मी निष्ठावंत होतो, पात्र वैद्य ह्वा थ्वो. प्रत्येक पाळीत राजाला एक जीव भरून दिला, तरी हरलो. चुकलं कुठे?

प्रत्येक पाळीत दिलात, तिथेच चुकलं. हिशोब मांडा. चार बंडखोर आहेत आणि प्रत्येकाला आपल्या पाळीत साधारण एक 'अटॅक' टाकता येतो. म्हणजे एका फेरीत चार वार, आणि तुमचं औषध एक. राजाकडे 'डॉज' (वार चुकवणारे पत्ते) कितीही असोत, हा हिशोब तुमच्या बाजूने कधीच बसत नाही. बंडखोर कमी झाले तरच तो बसतो. एक बंडखोर पडला की फेरीतला एक वार कमी होतो, शिवाय मारणाऱ्याला तीन पत्ते मिळतात. म्हणून पाचपैकी चार जीव शिल्लक असलेल्या राजाला औषध पाजण्यापेक्षा समोरच्या बंडखोराशी भिडलेल्या, एका जीवावर आलेल्या निष्ठावंताला उभं करा. तेही त्याची पाळी येण्याआधी. पाळीच्या शेवटी जितके जीव तितकेच पत्ते हातात ठेवता येतात, त्यामुळे तुमच्या एका जीवाने त्याचा एक पत्ताही वाचतो.

दुसरी गोष्ट, कोणता पत्ता खर्च करायचा ती. ह्वा थ्वोच्या दोन कला आहेत. 'चिंगनांग' म्हणजे हिरवी पिशवी: स्वतःच्या पाळीत एकदा, हातातला कुठलाही एक पत्ता टाकून कुणाही जखमीला एक जीव. 'चीच्यू' म्हणजे तातडीचा उपचार: दुसऱ्याच्या पाळीत तुमचा कुठलाही लाल पत्ता 'पीच' म्हणून चालतो, आणि मरणाऱ्याला पीचच वाचवतो. मग पिशवीत काय टाकायचं? इस्पिक-किलवर. बदाम-चौकट हातात दाबून ठेवायचे. नवखे बरोबर उलटं करतात, कारण लाल पत्त्यांत पीच आणि डॉज असतात आणि ते 'उपचाराचे' वाटतात.

टेबलावर 'ग्वो ज्या' हे पात्र तुमच्या बाजूला असेल तर मजा आहे. त्याला जितकी इजा होईल, तितक्या वेळा तो कॅटवरचे दोन पत्ते उचलून हव्या त्याला वाटतो. तुम्ही एक पत्ता टाकून त्याला बरं करता, तो पुन्हा मार खाऊन दोन देतो. बंडखोर त्याला हात लावायलाच घाबरतात.

(जाता जाता: खऱ्या इतिहासात ह्वा थ्वोने सत्ताधीश त्साओ त्साओच्या डोकेदुखीवर सुयांचे उपचार केले आणि पुढे त्याच त्साओ त्साओने त्याला तुरुंगात टाकून मारलं. खेळात मात्र त्साओ त्साओ राजा आणि ह्वा थ्वो त्याचा निष्ठावंत असा डाव सर्रास पडतो. मला दर वेळी हसू येतं.)

प्रश्न: ल्यू बेइ होतो (आपले पत्ते दुसऱ्यांना देणं ही त्याची कला), निष्ठावंत. ओळख उघड होऊ नये म्हणून कुणालाच पत्ते दिले नाहीत. शेवटी राजानेच मला मारलं! त्याचे पत्तेही गेले आणि मित्र आठवडाभर बोलला नाही.

राजाने निष्ठावंताला मारलं तर त्याला हातातले आणि समोर मांडलेले सगळे पत्ते टाकावे लागतात. म्हणजे तुमच्या मौनाचा दंड दोघांनी भरला. झाकून राहणं बंडखोराला शोभतं. निष्ठावंताने फार झाकलं तर राजा घाबरतो, आणि घाबरलेला राजा आधी शेजाऱ्यावर वार करतो.

पण पहिल्याच पाळीत सगळा हात राजाच्या ओटीत टाकणं हाही वेडेपणा. ल्यू बेइ रिकाम्या हाताने बसला की चौघे त्याच्यावर तुटून पडतात. आणि एखादा डॉज फितूरही देतो, त्यातून काही सिद्ध होत नाही. विश्वास बसतो तो देणाऱ्याला झळ लागली की. एका जीवावर असताना राजाला पीच द्या, मग कुणी शंका घेणार नाही. एका पाळीत दुसरा पत्ता दिला की ल्यू बेइला एक जीव मिळतो, म्हणून जखमी असाल तेव्हा दोन द्या. धडधाकट असताना त्यातून काही मिळत नाही.

कुठे बसलात तेही पाहा. तुमच्या लगेच पुढे राजाची पाळी असेल तर अटॅक द्या, तो लगेच वापरेल. त्याची पाळी नुकतीच झाली असेल तर डॉज द्या, पूर्ण फेरीभर त्याच्या हातात राहील. आणि आपल्या कुणाकडे झूग ल्यांगचं धनुष्य आलं तर सगळे अटॅक तिकडे वळवा. त्याला एका पाळीत हवे तितके अटॅक चालतात. फक्त पल्ला एकाचाच, म्हणून शेजारी शत्रू आहे ना, हे आधी बघा.

प्रश्न: माझ्या पाळीत मित्राला थेट पीच देऊन बरं करता येतं का?

नाही. स्वतःच्या पाळीत पीच फक्त स्वतःसाठी. दुसऱ्याला तो चालतो शून्यावर आल्यावरच. म्हणून तर हिरव्या पिशवीला किंमत आहे.

प्रश्न: फितुराच्या हाती ह्वा थ्वो आला तर? आमच्याकडे सगळे म्हणतात, पत्ते परत पिसा.

पिसू नका, हा तर सोन्यासारखा हात आहे. फितुराला सगळे मरायला हवेत, पण राजा सर्वांत शेवटी. राजा पडला तेव्हा फितुराशिवाय आणखी कुणी जिवंत असेल, तर बंडखोर जिंकतात, ते सगळे मेलेले असले तरी! त्यामुळे डावाचा बराच वेळ राजाला जगवणं हेच तुमचं काम, आणि ते वैद्यापेक्षा कोण चांगलं करेल? सुरुवातीला राजाला बरं करा, निष्ठावंत म्हणून मिरवा. बंडखोर दोनवर आले की औषध जरा 'संपू' द्या.

अडचण शेवटी येते. राजाशी एकास एक लढताना तुम्ही सहज मरत नाही, कारण त्याच्या पाळीत प्रत्येक लाल पत्ता तुमचा पीच आहे. पण मारायला दात नाहीत. तेव्हा मधल्या डावातच एखादं चांगलं शस्त्र मांडून ठेवा आणि कुणी विचारलं तर म्हणा, राजाच्या रक्षणासाठी.

प्रश्न: ह्वा थ्वो असताना मी 'रानटी स्वारी' (बाकी सगळ्यांवर एकदम वार करणारा पत्ता) टाकली. आमचाच निष्ठावंत शून्यावर गेला. हातात तीन लाल पत्ते होते, तरी मित्रांनी वाचवू दिलं नाही. बरोबर आहे का?

बरोबर आहे. चीच्यू फक्त दुसऱ्यांच्या पाळीत चालते. स्वतःच्या पाळीत डॉक्टरचा दवाखाना बंद, तेव्हा खराखुरा पीचच लागतो. सगळ्यांना लागणारा पत्ता टाकण्याआधी एका जीवावर कोण आहे ते मोजा. आपला माणूस असेल तर आधी चिंगनांग, मग स्वारी. आणि असे दोघे असतील, तर तो पत्ता त्या पाळीत हातातच राहू द्या.