चंबळच्या खोऱ्यात मुलांना घेऊन फिरायला जाणं सुरक्षित आहे का? तिथे पाहण्यासारखं काय आहे?

निःशंक जा. फक्त फिरणं दिवसाउजेडी ठेवा आणि गाडीचा चालक तिथलाच माहितगार घ्या. डाकूंच्या मोठ्या टोळ्यांचा काळ केव्हाच सरला. १९७२ च्या एप्रिलमध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला मोहरसिंग, माधोसिंग अशा नावाजलेल्या बागींनी (तिकडे डाकूंना बागी म्हणतात) जयप्रकाश नारायणांच्या पुढाकाराने हत्यारं खाली ठेवली. १९८३ मध्ये भिंडला फूलनदेवी शरण आली.

पुण्याहून झेलम किंवा मुंबईहून पंजाब मेल पकडून ग्वाल्हेरला उतरा, मुक्कामही तिथेच करा. थंडीचे दिवस उत्तम. मे-जूनमध्ये मुलांना अजिबात नेऊ नका, तिथलं ऊन फार वाईट.

एकच ठिकाण पाहायला वेळ असेल तर मुरैना जिल्ह्यातल्या बटेश्वरला जा. आठव्या ते दहाव्या शतकातली सुमारे दोनशे लहान लहान देवळं, सगळी कोसळून दगडांचे ढीग झालेली. २००५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याच्या के. के. मुहम्मद यांनी ती पुन्हा उभी करायला घेतली. तेव्हा तो टापू निर्भय गुर्जर या डाकूच्या टोळीचा. ही देवळं गुर्जर-प्रतिहार राजांनी, म्हणजे तुझ्याच पूर्वजांनी बांधली, असं सांगून त्याचं मन वळवल्याची हकीकत मुहम्मद यांनी स्वतः सांगितली आहे. पुढे टोळी संपली आणि तिच्या धाकाने लांब राहिलेले दगडखाणवाले परतले. त्यांच्या सुरुंगांचे हादरे उभ्या केलेल्या देवळांना बसू लागले, तेव्हा मुहम्मद यांना ती लढाई वेगळी लढावी लागली. एक एक दगड जुळवून उभी केलेली ती शिखरं पाहताना मला आजही भरून येतं. जवळच पडावली आणि मितावलीचं गोलाकार चौसष्ट योगिनी मंदिर आहे, तेही त्याच दिवशी होतं.

दुसरा दिवस नदीला द्या. आपल्या नाशिक-धुळ्याहून जाणारा आग्रा रस्ता मुरैना आणि धौलपूरच्या मध्ये चंबळ ओलांडतो, तिथेच राजघाट आहे. हिवाळ्यात वाळूच्या पट्ट्यांवर घडियाल, म्हणजे लांब निमुळत्या तोंडाच्या मगरी, ऊन खात पडलेल्या असतात. होडी मिळेल का, याची वनखात्याकडे आधी चौकशी करा. मुरैन्याजवळ देवरीला घडियालांची पिल्लं वाढवून नदीत सोडतात, मुलांना ते फार आवडेल. बेकायदा वाळूउपसा हा आज या नदीवरचा खरा दरोडा आहे.

एक कळकळीची विनंती. काही जण डाकूंच्या खुणा शोधत पुढे यमुनाकाठच्या बेहमईपर्यंत जातात. १९८१ मध्ये तिथे डाकूंच्या हातून २० माणसं मारली गेली आणि खटल्याचा निकाल लागायला २०२४ उजाडलं. त्या घरांतली माणसं अजून तिथेच राहतात. तिकडे फोटो काढायला जाऊ नका.