सामुदायिक की सामूहिक?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी विचारले आहे : ‘सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रे बळकट करण्यासाठी राज्याने कायदा करावा, असा ग्रामसभेचा ठराव लिहितो आहे. सामुदायिक म्हणू की सामूहिक? आणि गावकऱ्यांना तो शब्द कळेल का?’

‘सामूहिक’ नकोच. तो अनेकांनी मिळून केलेल्या कृतीला लागतो : सामूहिक रजा, सामूहिक राजीनामे. (त्यातला ‘मू’ दीर्घ, ‘सामुदायिक’मधला ‘मु’ ऱ्हस्व.) सर, तुमचा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

विदर्भातल्या खेड्यात ‘सामुदायिक’ म्हटले की आधी आठवते ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना. सतरंज्या अंथरलेल्या, लहानथोर रांगेत बसलेले. मग सामुदायिक विवाह सोहळे. इथल्या कानाला हा शब्द ‘सगळ्यांनी मिळून, सगळ्यांसमोर’ असाच ऐकू येतो. आणि ज्या घरात कुणाच्या ‘डोक्यावर परिणाम झाला’ हे शेजारी कळू नये म्हणून जिवाचा आटापिटा चालतो, तिथली बाई नवऱ्याला घेऊन ‘सामुदायिक’ केंद्राची पायरी कशी चढेल? ती ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढते आणि ‘यांना झोप येत नाही’ एवढेच सांगते. हिंदी भागात ज्याला सामुदायिक स्वास्थ्य केंद्र म्हणतात, तेच आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय. तिथेही हा शब्द आपण घेतला नाही, ते बरेच झाले.

सध्याच्या केंद्रीय कायद्याचा रोख वेगळाच आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याचे कलम १८ सांगते, की उपचारांसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या जागेजवळ मिळावी आणि प्राथमिक केंद्रापासून वरच्या सगळ्या पातळ्यांवर नेहमीच्या आरोग्य सेवेतच ती सामावलेली असावी. भर आहे तो जवळ असण्यावर. गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या सिरोंच्याहून नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय गाठायचे तर रुग्णाची आणि सोबत्याची, दोघांचीही मजुरी बुडते, वर एस.टी.चे भाडे. ठरावात ‘सामुदायिक’ऐवजी हे यायला हवे.

‘अधिनियम’, ‘विधेयक’ यांत अडकू नका, ‘कायदा’ पुरेसा आहे. ‘बळकटीकरण’ही टाळा, काय हवे ते नाव घेऊन मागा. मी असे लिहीन : ‘गावाला जवळ पडेल अशा ठिकाणी मानसिक आरोग्याचे उपचार मिळावेत, तिथे डॉक्टर, समुपदेशक आणि औषधे बारमाही असावीत, रुग्णाची माहिती बाहेर जाऊ नये आणि या खर्चाची तरतूद दरवर्षी व्हावी, यासाठी राज्य शासनाने कायदा करावा.’